लंडनचा निरोप

विद्येसाठीं परदेशीं गेलेल्या माणसांच्या आत्मचरित्रांत प्रयाणाचें प्रकरण हमखास चांगलें उतरतें. आगबोट, धक्क्यावर जमलेलीं माणसें, आईचे डोळे, जातीच्या पंचांची बैठक, उसनवारीनें जमविलेले पैसे, अंगाला नीट न बसणारा नवा कोट, एवढ्या सामग्रीवर सामान्य लेखकहि दोन-चार पानें वाचनीय लिहून जातो. परतीचें प्रकरण मात्र बहुधा घाईनें उरकलेलें असतें. परीक्षा झाली, पदवी मिळाली, अमुक तारखेस बोट सुटली, आणि पुढच्याच ओळींत मुंबईचें बंदर. काम संपत आलें आहे पण निघण्याचा दिवस अजून उजाडलेला नाहीं, अशा त्या मधल्या आठवड्यांत काय झालें हें विचारण्याचें वाचकालाहि सुचत नाहीं.

प्रस्तुत लेखकाला तें सुचलें याचें कारण वाङ्मयीन नाहीं. परदेशांतील एका विद्यापीठांत एक सत्र काढून परतण्यास तीन आठवडे उरले असतां 'सत्याचे प्रयोग' हें पुस्तक पुन्हां हातीं आलें. खोलींत बॅग उघडी पडली होती. विमानाच्या २३ किलोंत काय बसतें आणि काय टाकावें लागतें याचा हिशेब चालला होता. प्रेशर कुकर पुढच्या सत्राला येणाऱ्या मुलाला द्यावयाचा ठरला होता. पहिल्या आठवड्यापासून भिंतीवरच्या कॅलेंडरांतील दिवस खोडण्याची संवय लागली होती, ती केव्हां सुटली तें कळलेंच नाहीं. घराची ओढ कायम होती; दिवस मोजण्याची हौस तेवढी नाहींशी झाली होती. ही जी विचित्र मनःस्थिति, तिचा कांहीं मागमूस गांधींच्या लंडनच्या प्रकरणांत लागेल अशा अपेक्षेनें तीं पानें उलटलीं. हातीं लागली ती दुसरीच वस्तु. तिच्याविषयीं, आणि जी लागली नाहीं तिच्याविषयीं, येथें लिहावयाचें आहे.

प्रथम तारखा पाहूं. गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मुंबईहून निघाले. त्यांना तेव्हां एकोणीस वर्षें पुरीं व्हावयाचीं होतीं. बॅरिस्टरीची शेवटची परीक्षा त्यांनीं डिसेंबर १८९० मध्यें दिली व जानेवारी १८९१ मध्यें ते उत्तीर्ण झाल्याचें कळलें. बॅरिस्टरीची सनद मिळाली १० जून १८९१ रोजीं. ११ जूनला हायकोर्टांत नांव नोंदविलें आणि १२ जूनला ते निघाले. म्हणजे निकाल आणि प्रयाण यांच्या दरम्यान पांच महिने गेले. परीक्षा झाल्यावर इतकें थांबावें कां लागलें? तर बॅरिस्टर होण्यास परीक्षेइतकेंच, किंबहुना अधिकच, आवश्यक होतें तें जेवण. बारा सत्रें 'भरावीं' लागत, आणि सत्र भरणें म्हणजे आपल्या संस्थेच्या भोजनगृहांत ठराविक वेळां हजेरी लावणें. एका सत्रांत चोवीसांच्या आसपास जेवणें होत, त्यांपैकीं सहांना तरी बसावें लागे. चौघांच्या मेजाला मद्याच्या दोन बाटल्या मिळत. न पिणारा गांधींसारखा सोबती ज्या तिघांना लाभे त्यांची चंगळ. म्हणून त्यांना आपल्या मेजावर ओढण्यासाठीं अहमहमिका चाले. हें सारें आत्मकथेंत आहे आणि मोठ्या मिस्किलपणें सांगितलेलें आहे. मद्य न पिण्याची आईजवळ घेतलेली शपथ इनर टेंपलच्या भोजनगृहांत इतरांच्या उपयोगीं पडली, ही गंमत लेखकानें ओळखली आहे आणि तिच्यावर भाष्य केलेलें नाहीं, हें त्याच्या रसिकतेचें लक्षण आहे.

परंतु हे पांच महिने पुस्तकांत पांच महिने म्हणून कोठेंच दिसत नाहींत. पुस्तकाची रचना विषयवार आहे. पोषाख, अन्नाचे प्रयोग, लाजाळूपणा, असत्याचें विष, धर्मांचा परिचय, नारायण हेमचंद्र, पॅरिसचें प्रदर्शन असा एकेक विषय घेऊन लेखक तीन वर्षांतून आडवा जातो आणि दर वेळीं नव्यानें आरंभ करतो. चार्ल्स ब्रॅडलॉ ३० जानेवारी १८९१ रोजीं वारले व त्यांच्या अंत्यविधीला गांधी गेले. ही निकालानंतरची गोष्ट; पण ती धर्मपरिचयाच्या प्रकरणांत पडली आहे, कारण परततांना स्टेशनावर एका कट्टर नास्तिकानें एका पाद्र्याला छेडलें तो किस्सा तेथें शोभतो. शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणींत डॉ. ॲलिन्सन यांना काढून टाकण्याचा वाद झाला, तो याच सुमाराचा. तो लाजाळूपणाखालीं गेला. याच वर्षीं फेब्रुवारीपासून 'व्हेजिटेरियन' या साप्ताहिकांत गांधींची हिंदी शाकाहाऱ्यांवरील लेखमाला क्रमशः येऊं लागली होती, आणि मे महिन्यांत हिंदुस्थानांतील अन्न या विषयावर त्यांनीं सभेंत निबंधहि वाचला होता. हे तुकडे एकत्र ठेवून पाहिले म्हणजे असें दिसतें कीं, आरंभीं ज्या तरुणाला उपाशी पोटानें लंडनभर खाणावळ शोधीत फिरावें लागलें, त्याला शेवटच्या पांच महिन्यांत तेथें मित्र, काम आणि थोडकें नांव हीं तिन्ही मिळालीं होतीं. नेमकें तेव्हांच त्याला निघावयाचें होतें. आत्मकथेच्या वाचकाला याची हळहळ वाटत नाहीं, कारण शेवट जवळ येत आहे हेंच त्याला कोणी सांगत नाहीं.

आतां निघण्याच्या आदल्या संध्याकाळचा प्रसंग घेऊं. गांधींनीं हॉलबर्न या प्रसिद्ध उपाहारगृहांत आपल्या शाकाहारी मित्रांना जेवण दिलें. मांसाहारी उपाहारगृहांत शुद्ध शाकाहारी मेजवानी ही नवलाईच होती. आत्मकथा सांगते कीं, जेवणानंतर बोलण्यासाठीं त्यांनीं एक लहानसें विनोदी भाषण बसविलें होतें. ॲडिसन पार्लमेंटांत प्रथम बोलावयास उभा राहिला तेव्हां पहिलेच शब्द तीनदां उच्चारून अडकला. त्या इंग्रजी क्रियापदाचा एक अर्थ कल्पना करणें, दुसरा गर्भ धरणें. तेव्हां कोणी टवाळ म्हणाला कीं, या गृहस्थाला तीनदां गर्भ राहिला पण प्रसूति कांहीं झाली नाहीं. या श्लेषावर भाषण रचावयाचें होतें. प्रत्यक्षांत उभे राहतांच सर्व विसरलें, आलेल्या मंडळींचे आभार मानणारें एकच वाक्य बोलून गांधी खालीं बसले आणि ॲडिसनची थट्टा करूं गेलेला स्वतःच थट्टेचा विषय झाला. हकीकत अतिशय रेखीव आहे. लाजाळूपणा ही आपली ढाल कशी झाली, मितभाषणाची संवय तीमुळें कशी जडली, हें सांगणाऱ्या प्रकरणाला याहून चांगला कळस सांपडला नसता.

आणि शंका येते ती या रेखीवपणामुळेंच. त्याच मेजवानीचें वृत्त 'व्हेजिटेरियन' साप्ताहिकाच्या १३ जून १८९१ च्या अंकांत छापलेलें आहे. वृत्त लिहिणारा म्हणतो कीं, गांधींनीं थोडें बावरत पण मोठें डौलदार भाषण केलें. इंग्लंडांत मांसवर्जनाची चाल वाढत असल्याबद्दल समाधान व्यक्त केलें. लंडनच्या शाकाहारी मंडळाशीं आपला संबंध कसा आला तें सांगितलें. आणि जोसाया ओल्डफील्ड यांचे आपल्यावर किती उपकार आहेत हें हृदयाला भिडेल अशा शब्दांत बोलून दाखविलें. एका वाक्यांत हें सगळें मावत नाहीं.

कोणाचें खरें मानावें? वृत्तपत्र मित्रांचें होतें, त्यामुळें 'डौलदार' हें विशेषण सौजन्याचें म्हणून सोडून देतां येईल. पण भाषणांत काय काय आलें याची जी यादी वृत्तांत आहे ती सौजन्यानें निर्माण होत नाहीं. शिवाय वृत्त लिहिणारा बावरेपणा लपवीत नाहीं. तेव्हां घडलें असें असावें: ठरविलेला विनोद घशांतच राहिला, मग धडधडत्या छातीनें जें मनांत होतें तें बोललें गेलें, आणि तें चांगलें झालें. चौतीस वर्षांनीं मात्र विनोद फसल्याची शरम तेवढी लक्षांत राहिली. बाकीचें भाषण, आणि त्याबरोबर ओल्डफील्डचे आभारहि, स्मृतींतून गळून पडले. या प्रकारांत असत्य भाषणाचा आरोप करणें हा मूर्खपणा होईल. आत्मकथा १९२५ च्या अखेरीस 'नवजीवन' मधून आठवड्यामागून आठवडा येऊं लागली. हाताशीं रोजनिशी वा कागदपत्र ठेवून आपण लिहीत नाहीं असें लेखकानेंच पुढें एके ठिकाणीं सांगून टाकलें आहे. परंतु सत्याचा शोध हें ज्या पुस्तकाचें नांव, त्याच्या बाबतींत एवढें विचारण्याचा वाचकाला अधिकार आहे कीं, स्मृतीनें नेमकी हीच गोष्ट कां टाकली आणि तीच कां राखली.

याचें उत्तर मिळण्यास आणखी एक लेख मदत करतो. गांधींच्या संकलित वाङ्मयाचा पहिला इंग्रजी खंड १९५८ सालीं निघाला, त्यांत तो सर्वांना सहज पाहावयास मिळतो. परतीच्या प्रवासाचें हें वर्णन 'व्हेजिटेरियन' मध्यें एप्रिल १८९२ मधील दोन अंकांत आलें होतें. त्याच्या आरंभीं हा बावीस वर्षांचा लेखक सांगतो कीं, 'ओशियाना' बोटीवर पाय ठेवीपर्यंत आपण हिंदुस्थानास चाललों आहों यावर आपला विश्वासच बसेना, इतका लंडनचा लळा लागला होता. मग तो लंडनांतील काय काय आवडलें याची यादी देतो: विद्यालयें, चित्रसंग्रह, वस्तुसंग्रहालयें, नाटकगृहें, बागा, व्यापार, आणि अर्थातच शाकाहारी खाणावळी. विद्यार्थ्याला, प्रवाशाला, व्यापाऱ्याला आणि एखाद्या छंदानें झपाटलेल्याला हें शहर सारखेंच योग्य, असें तो म्हणतो. यांतला शेवटचा शेरा स्वतःवर आहे हें उघड आहे. लंडन सोडतांना मनापासून वाईट वाटलें असें तो साध्या शब्दांत लिहितो, आणि घरचीं माणसें भेटणार म्हणून आनंदहि झाला असें त्याला जोडून देतो. दोन्ही भावना एकाच दमांत, एकीनें दुसरीला न खोडतां. कॅलेंडरापुढें थबकलेल्या आमच्यासारख्याला हवें होतें तें हेंच.

कोणी म्हणेल कीं, लेख लंडनच्या वाचकांसाठीं होता, तेव्हां लंडनची तारीफ ही पाहुण्याची रीत समजावी. हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. पण रीत म्हणून केलेली स्तुति सहसा मोघम असते, आणि हा लेख मोघम नाहीं. उरलेला सारा लेख वाचला कीं लिहिणाऱ्याचें मन किती मोकळें होतें हें कळतें. बोटीवर दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची करमणुकीची बैठक व्हावयाची होती. शाकाहारावर पंधरा मिनिटें बोलण्याची परवानगी गांधींनीं चिटणीसाकडून मिळविली. भाषण विनोदी असावें अशी त्याची अट. गांधींनीं उत्तर दिलें कीं, बावरण्याची खात्री आपण देऊं शकतों, विनोदाची नाहीं. तरी भाषण लिहिलें, पुन्हां लिहिलें, तयार केलें. आणि बैठकच झाली नाहीं! हॉलबर्नला विनोद फसला त्यानंतर अवघ्या कांहीं दिवसांची ही गोष्ट. आपल्याला सभेंत तोंड उघडतां येत नाहीं अशी ज्याची पक्की समजूत, तो आपण होऊन अनोळखी गोऱ्या उतारूंपुढें बोलण्यास वेळ मागतो, हें आत्मकथेंतील लाजाळू विद्यार्थ्याच्या चित्राशीं जुळत नाहीं. लाजाळूपणा खराच होता. पण शेवटच्या महिन्यांत तो उतरणीला लागला होता.

वादळाचेंहि तसेंच. एडनला 'ओशियाना' सोडून 'आसाम' या बोटीवर बदलावें लागलें. हा बदल त्या लेखांत लंडन सोडून भिकार खेड्यांत आल्यासारखा वर्णिला आहे. पुढें पावसाळी समुद्र लागला, आणि दारें आपटणें, ट्रंका नाचणें, भांडीं फुटणें याची त्यानें खास गंमत केली आहे. आत्मकथेंत तेंच वादळ आलें आहे, मांडीवर बशी सांवरून लापशी खाणारा एकटा धडधाकट उतारूहि आला आहे. पण तेथें बाहेरचें वादळ हें आंतल्या वादळाचें चिन्ह झालें आहे. ही उपमा खोटी नाहीं. पण ती पुढचें ठाऊक असलेल्याची आहे. धक्क्यावर भाऊ भेटणार आणि आई गेल्याचें सांगणार, हें १९२५ चा लेखक जाणून आहे. बोटीवरचा मुलगा जाणत नव्हता. १८९२ चा लेख छापून आला तेव्हां ती बातमी कळून नऊ महिने झाले होते, तरीहि त्यांत त्यानें बोटीवरची मौज बोटीवरच्या दिवसांपुरती शाबूत ठेवली, ही त्या कोवळ्या लेखकाची शक्ति मानली पाहिजे. अनुभवाला त्याच्या पुढच्या दुःखाचा रंग त्यानें लागूं दिला नाहीं.

हें सर्व आत्मकथेला कमी लेखण्यासाठीं लिहीत नाहीं. शेवटच्या दिवसांपैकीं जें एक प्रकरण गांधींनीं खरोखर लिहिलें आहे, म्हणजे बॅरिस्टर तर झालों पण पुढें काय, या भीतीचें, तें आमच्या मतें पहिल्या भागांतील सर्वोत्तम प्रकरणांपैकीं आहे. रोमन कायदा लॅटिनमधून वाचला, ब्रूम आणि स्नेल पालथे घातले, आणि हिंदू वा मुसलमानी कायद्याचें अक्षर ठाऊक नाहीं. साधा अर्जदावा लिहितां येत नाहीं. मुंबईच्या कोर्टांत फिरोजशहा मेहता सिंहासारखे गर्जतात म्हणे! पोट तरी भरेल काय? दादाभाईंना द्यावयाची ओळखचिठ्ठी खिशांत, पण एवढ्या थोर माणसाला त्रास कसा द्यावा म्हणून ती कितीतरी दिवस तशीच. अखेर फ्रेडरिक पिंकट या हुजूर पक्षाच्या पण हिंदी विद्यार्थ्यांवर निर्व्याज प्रेम करणाऱ्या गृहस्थाकडे ते गेले. तो हंसला, म्हणाला, प्रत्येकानें फिरोजशहा होण्याची जरूर नाहीं, प्रामाणिकपणा आणि मेहनत यांवर वकिलाचें भागतें. मग वाचन काय झालें आहे हें विचारून तो क्षणभर निराश झाला आणि त्यानें दोन सल्ले दिले. एक, के व मॅलेसन यांचा १८५७ च्या बंडाचा इतिहास वाचावा. दुसरा, चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचें शास्त्र लॅव्हेटर व शेमेलपेनिक यांच्या पुस्तकांतून शिकावें. गांधींनीं लॅव्हेटर आणला. तो स्नेलहून अवघड आणि नीरस निघाला. शेक्सपियरच्या मुद्रेचा अभ्यास करूनहि लंडनच्या रस्त्यांतून हिंडणारे शेक्सपियर ओळखण्याची हातोटी कांहीं साधली नाहीं, असें ते लिहितात. पदवी हातांत घेऊन भांबावलेल्या तरुणानें बोट सुटण्याच्या तोंडावर मुखसामुद्रिकाचें पुस्तक वाचीत बसावें, हें चित्र कोणत्याहि कादंबरीकाराला हेवा वाटेल असें आहे. हिंदुस्थानांतील कायदा न शिकवितां हिंदुस्थानासाठीं बॅरिस्टर तयार करणाऱ्या व्यवस्थेवरची टीका त्यांत न बोलतां येऊन जाते.

तेव्हां भीति आहे. नाहीं तो लळा. आणि आमचा प्रश्न असा कीं, भीतीला पुस्तकांत जागा मिळाली, लळ्याला कां मिळाली नाहीं?

झटकन सुचणारें उत्तर राजकीय आहे. मधल्या काळांत १९०९ चें 'हिंद स्वराज्य' आलें, १९२० चा असहकार आला, १९२२ चा तुरुंग आला. ज्यानें पाश्चात्य सुधारणेला रोग म्हटलें त्याला लंडन सोडतांना गलबललों हें लिहिणें जड गेलें असेल. आम्हांला हें पटत नाहीं. साम्राज्याविषयीं आपली एके काळीं निष्ठा होती हें गांधी त्याच पुस्तकांत मोकळेपणानें सांगतात. चोरून खाल्लेलें मांस, सोन्याच्या कड्याचा तुकडा, बापाच्या मृत्यूच्या रात्रीची वासना हीं ज्यानें उघड केलीं, तो नाटकगृहें आणि बागा आवडल्याची गोष्ट शरमेनें लपवील, हें संभवत नाहीं. खरें कारण पुस्तकाच्या घडणींत असावें. प्रत्येक प्रसंगाची कसोटी तेथें एकच: यांतून काय शिकलों, कोणती चूक झाली, कोणता नियम हातीं आला. पापाला या रचनेंत आयती जागा आहे, कारण पापापासून प्रयोग सुरू होतो. भीतीलाहि आहे, कारण ती जिंकावयाची असते. पण एखाद्या शहराचा लळा लागला, तें सोडतांना वाईट वाटलें, यांत चूक कोणती आणि नियम कोणता? तो ना दोष, ना गुण. प्रयोगवहींत टिपून ठेवण्याजोगें त्यांत कांहीं घडलेंच नाहीं. म्हणून कोणी न गाळतां तो गळाला.

निघतांना 'व्हेजिटेरियन' च्या प्रतिनिधीला गांधींनीं मुलाखत दिली, ती १३ आणि २० जूनच्या अंकांत आली. विलायतेस कां आलांत या प्रश्नाला त्यांनीं महत्त्वाकांक्षा असें एका शब्दांत उत्तर दिलें आहे; आत्मकथेंत हा शब्द इतका नागडा कोठें आलेला नाहीं. आणि शेवटीं या तीन वर्षांत करावयाचें पुष्कळ राहिलें, न करावें तेंहि पुष्कळ केलें, पण मांस व मद्य यांना न शिवतां परत चाललों हें समाधान आहे, असा समारोप केला आहे. त्यांतील पहिला अर्धा भाग इंग्रजी चर्चच्या पापनिवेदनाच्या प्रार्थनेच्या घाटाचा आहे. आईच्या शपथेचा हिशेब पाद्र्यांच्या भाषेंत द्यावा इतकी ती भाषा अंगवळणीं पडली होती. हीसुद्धां लंडननें दिलेली वस्तु. तिचीहि नोंद पुढें राहिली नाहीं.

आपल्याकडील आणखी दोघांची आठवण येथें होते. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, त्या वर्षाच्या अखेरीस आजारी स्थितींत परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. मागें वळून लिहिण्याइतकें आयुष्यच त्यांना लाभलें नाहीं. जें आहे तें पत्रांत, आणि त्या पत्रांवरून काशीबाई कानिटकरांनीं १८८९ सालीं लिहिलेल्या चरित्रांत. तेथें स्मृतीनें फेरफार करण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

आंबेडकरांची गोष्ट निराळी आहे. न्यूयॉर्कला कोलंबियांत शिकून ते १९१६ मध्यें लंडनला आले, आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्यें त्यांना परतावें लागलें. त्यांचे ग्रंथ ज्या बोटीनें येत होते ती टॉर्पेडोनें बुडाली. असा प्रसंग हातीं असतां कोणता लेखक तो सोडील? पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या लहानशा आठवणींत निरोपाचें प्रकरण नाहीं. एक-दोन वाक्यांत ते बडोद्याच्या स्टेशनावर येऊन उभे राहतात. परदेशांतील पांच वर्षांत आपण अस्पृश्य आहों याची जाणीवच मनांतून पुसून गेली होती, असें ते लिहितात; ती स्टेशनाबाहेर पडतांच परत आली, कारण जावें कोठें, आपल्याला घेणार कोण, हा प्रश्न समोर होता. गांधींना निघण्यापूर्वी भीति वाटली. आंबेडकरांना निघण्यापूर्वी ती वाटली नाहीं, आणि तेंच अधिक भयंकर. लंडन-न्यूयॉर्कनें काय दिलें हें त्यांनीं एका पुसलेल्या जाणिवेच्या रूपानें सांगितलें, आणि त्यासाठीं बोट, वादळ, बुडालेले ग्रंथ या कशाचीहि त्यांना गरज पडली नाहीं. बडोद्याची नोकरी कां सोडली याचीं कारणें या लेखाच्या हेतूला सोडून आहेत, सबब देत नाहीं, असेंहि ते वाचकाला बजावतात. गाळलें आहे हें सांगून गाळणें, ही लेखनाची एक सचोटी आहे. आत्मकथेंतहि असें एखादें वाक्य निरोपाच्या जागीं असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

असो. प्रस्तुत लेखक घरीं परतला तेव्हां तिकडचें कसें काय होतें म्हणून सर्वांनीं विचारलें. थंडी फार, भाजी महाग, वरणाला चव नाहीं, इतकें सांगून झालें. सर्वांचें समाधान झालें. शेवटच्या तीन आठवड्यांबद्दल कोणी विचारलें नाहीं आणि आम्हींहि सांगितलें नाहीं. तेव्हां गांधींच्या स्मृतीला दोष देण्याचा अधिकार आम्हांला कितपत उरतो, हा प्रश्नच आहे.

आत्मकथेचें मराठी भाषांतर सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन, यांनीं केलेलें आहे. आमच्याजवळील प्रतींत १८९२ चा तो प्रवासलेख नाहीं. पुढच्या एखाद्या आवृत्तींत पहिल्या भागाच्या अखेरीस, पिंकटच्या भेटीनंतर आणि वादळाच्या आधीं, तो मराठींत घालावा अशी प्रकाशकांना विनंति आहे. साप्ताहिकाच्या दोन अंकांत मावलेला लेख तो; पानें फार लागणार नाहींत.